कोरं रजिस्टर

दुपारी तीनच्या सुमारास ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत आम्ही हातमोजे फुगवत बसायचो. १९८८ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले. वापरलेले रबरी मोजे फेकून द्यायची तेव्हा पद्धत नव्हती. साबणाच्या पाण्यात धुवायचे, दोरीवर वाळवायचे, मग मनगटाशी धरून गरकन फिरवायचे म्हणजे आत हवा भरते, आणि एकेक बोट गालाजवळ न्यायचं. भोक असलं की गालाला बारीक वारा लागतो. तसा मोजा ड्रेसिंगसाठी बाजूला. बाकीच्यांना पावडर लावून, जोड्या जमवून, फडक्यात गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये. सिरिंजा काचेच्या, त्या उकळायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार काढायची. ह्या सगळ्यात कुणाच्या ना कुणाच्या बोटात दिवसाआड सुई जायचीच. बोट नळाखाली धरायचं, स्पिरिट लावायचं आणि पुढच्या केसला उभं राहायचं.

एचआयव्ही देशात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. म्हणजे सापडून. १९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन यांनी पहिले रुग्ण शोधले. त्या माहेरच्या गायतोंडे, हे मला फार उशिरा कळलं आणि उगाचच घरचं कुणीतरी असल्यासारखं वाटलं. आमच्यापर्यंत मात्र तो आजार आला तो भीती होऊन. नव्वदीच्या मध्यावर आमच्याकडे असे पेशंट येऊ लागले, तेव्हा आम्ही त्यांच्या केसपेपरवर लाल पेनाने वर्तुळ काढायचो. लिस्टमध्ये त्यांचा नंबर शेवटचा. ऑपरेशन झालं की थिएटर धुवून रात्रभर फ्युमिगेशन. त्यांच्या कॉटजवळ मावशी झाडू मारायच्या तो लांबूनच. ती लाल वर्तुळं मीही काढली आहेत. आपण पेशंटची काळजी घेतोय, इतर पेशंटना जपतोय, अशीच माझी समजूत होती. तेच वर्तुळ एक दिवस आपल्यातल्या कुणाच्या तरी नावाभोवती येईल असं कुणाच्याच मनात आलं नाही.

तिचं नाव मी इथे सुनंदा ठेवते. खरं नाव लिहायचा मला अधिकार नाही. २०१० साली ती तिशीतली होती आणि मी थिएटर इनचार्ज. पस्तीस वर्षांत मी ज्या स्क्रब नर्स पाहिल्या, त्यांत तिच्यासारखा हात एक-दोघींचाच. सर्जनने तोंड उघडायच्या आत आर्टरी फोर्सेप त्याच्या तळव्यावर बसलेला असायचा, तोही योग्य बाजूने. मॉप मोजायची तर ओठ न हलवता, पण शेवटी आकडा सांगितला की त्यावर दुसऱ्यांदा मोजायची गरज पडत नसे. आम्ही तरीही मोजायचो, कारण नियम नियम असतो.

त्या पावसाळ्यात एका रात्री अपेंडिक्सची इमर्जन्सी होती. केस संपली, ट्रॉली आवरताना सुनंदाच्या अंगठ्यात सुई गेली. तोवर आमच्याकडे नियम आले होते. हात धुवायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची, पेशंटच्या संमतीने त्याचं रक्त तपासायचं आणि ज्याला टोचलं त्याचंही. ज्याला टोचलं त्याचं कशासाठी, तर सुई टोचली त्या दिवशी तो निगेटिव्ह होता ह्याचा पुरावा हवा म्हणून. पुढे काही निघालं तर ते कामावर झालं हे दाखवता येतं. हा नियम आमच्याच भल्यासाठी होता. सुनंदाने तो तंतोतंत पाळला. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिचा पॉझिटिव्ह आला.

अंगठ्यातल्या त्या सुईचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता. संसर्ग आधीचाच, महिन्यांचा किंवा वर्षांचा. कुठून आला, हे मी तिला कधी विचारलं नाही. इतरांनी मात्र तेवढंच विचारलं, तिच्या माघारी. लॅबमधून गोष्ट फुटली आणि दुपारच्या चहापर्यंत स्वयंपाकघरात पोचली. चेंजिंग रूममध्ये तिच्या खुंटीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या रिकाम्या झाल्या. पाण्याच्या माठावर तिच्यासाठी वेगळा पेला आला. तो कुणी ठेवला हे आजतागायत कळलेलं नाही.

चार दिवसांनी बैठक झाली. एक विश्वस्त, वैद्यकीय अधीक्षक, दोन सर्जन, मेट्रन आणि मी. सुनंदाला बोलावलं नव्हतं. थोरले सर्जन म्हणाले, "अमेरिकेत एका डेंटिस्टमुळे पेशंटना झालेला आहे. उद्या आपल्याकडे झालं तर उत्तर कोण देणार?" विश्वस्त म्हणाले, "झालं नाही तरी बाहेर कळलं तर ओपीडी ओस पडेल." मेट्रन गप्प होत्या. मी काय बोलले? काहीच नाही. बदलीच्या प्रस्तावावर "प्रशासकीय सोयीसाठी" हे शब्द माझ्या हस्ताक्षरात आहेत. दुसऱ्या दिवशी सुनंदा लिनन रूममध्ये गेली, गाऊन आणि ड्रेपच्या घड्या घालायला.

ह्या गोष्टीचा मी नंतर खूप वर्षं विचार केला आणि माझं मत असं झालं की, त्या सर्जनचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो डेंटिस्ट खरा होता. फ्लोरिडातला डॉ. डेव्हिड एसर. त्याच्या सहा पेशंटना त्याच्याकडून संसर्ग झाल्याचं तपासात निघालं. त्यांतली किंबर्ली बर्गालिस ही मुलगी १९९१ साली, मरणाच्या अडीच महिने आधी, वॉशिंग्टनला जाऊन तिथल्या संसदेच्या समितीपुढे बोलली. गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती. दाढ काढायला गेलेली पोर. तिच्या आईवडिलांपुढे उभं राहून "अशी शक्यता फार कमी असते" असं मला म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये एका अस्थिरोग सर्जनकडून पेशंटला संसर्ग झाला, स्पेनमध्ये एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडून सिझेरियनच्या वेळी. अशा नोंदी जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ब्रिटनने वीस वर्षांत एचआयव्ही असलेल्या डॉक्टर-नर्सेसच्या जवळजवळ दहा हजार पेशंटना शोधून तपासलं, त्यांत एकालाही त्यांच्याकडून संसर्ग झालेला आढळला नाही. तरी, हाताच्या बोटांवर म्हणजे शून्य नव्हे.

आणि थिएटरमध्ये उभं राहिलेल्या माणसाला ते शून्य का नाही हे माहीत असतं. पिशवी काढायच्या ऑपरेशनमध्ये ओटीपोटाच्या तळाशी टाका घालायचा असतो तेव्हा काही दिसत नाही. रक्त भरून येतं, लाइट तिथवर पोचत नाही. सर्जन डाव्या हाताच्या बोटाने जागा चाचपतो आणि उजव्या हातातली वाकडी सुई त्या बोटाच्या अंदाजाने फिरवतो. टोक कुठून बाहेर येतं ते आधी बोटाला कळतं, मग डोळ्याला. लहान रुग्णालयात असिस्टंट नसला की आतडी मागे धरायला स्क्रब नर्सचा हात आत असतो. अशा वेळी सुई मोजा फोडून बोटात जाते आणि तीच सुई पुढच्या टाक्यासाठी पेशंटच्या अंगात जाते. धोका आहे तो ह्या दोन-तीन इंचांच्या जागेत. बीपी घेताना, सलाइन लावताना, थिएटरमध्ये बाहेरून सामान पुरवताना, रिकव्हरीत पेशंटच्या उशाशी बसताना तो नाही.

म्हणून २०१० साली सुनंदाला खोल ऑपरेशनच्या टेबलावरून काही काळ बाजूला ठेवलं असतं तर मी त्याला अन्याय म्हटलं नसतं. तेव्हा रक्तातल्या सीडी-फोर पेशी ठराविक आकड्याखाली आल्याशिवाय औषधं सुरू होत नसत. सुनंदाचा आकडा चांगला होता, म्हणून तिला औषधं नव्हती. रक्तात विषाणू किती, म्हणजे व्हायरल लोड, हे मोजायचं तर खासगी लॅबमध्ये हजारो रुपये. ब्रिटनमध्येही तेव्हा अशी कामं करायला बंदीच होती. पण तिला रिकव्हरी देता आली असती, वॉर्ड देता आला असता, नव्या मुलींना शिकवायला ठेवता आलं असतं. आम्ही ते केलं नाही, कारण बैठकीत कुणी कामाचा विचारच केला नाही. कुठलं काम धोक्याचं, कुठलं नाही, हा प्रश्न टेबलावर आलाच नाही. टेबलावर ती बाई होती.

आणखी एक गोष्ट मला आजही टोचते. सुई टोचून एचआयव्ही लागायची शक्यता तीनशेत एक. तेच कावीळ ब असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई, लस न घेतलेल्याला टोचली, तर शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. त्या खोलीतल्या दोन सर्जनांपैकी किती जणांनी ब काविळीची लस घेतली होती? कुणी विचारलं नाही. मीही नाही. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी जमलेल्या आम्हा सहा जणांना शंभरपट मोठा धोका आठवला नाही, कारण त्या आजाराला बदनामी चिकटलेली नव्हती.

ह्या बैठकीचा परिणाम आम्हाला अपेक्षित होता तिथे झाला नाही. तो रजिस्टरमध्ये झाला. सुई टोचल्याच्या नोंदींचं निळ्या कापडी पाठीचं रजिस्टर माझ्या टेबलाच्या खणात असायचं. २००९ मध्ये त्यात चौदा नोंदी होत्या. सुनंदाच्या नोंदीनंतर २०१० च्या उरलेल्या महिन्यांत एकही नाही. २०११ मध्ये एकही नाही. वर्षाला हजारभर ऑपरेशन्स, तीन पाळ्या, शिकाऊ पोरी, कचरा उचलणारे मामा, आणि कुणालाच सुई लागत नव्हती! बाहेरून तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी ते कोरं पान पाहून आमचं कौतुक केलं. मी मान डोलावली. पण त्या रात्री झोप आली नाही. नोंद केली की आपलंही रक्त तपासतील, आणि तपासलं की लिनन रूम, हे सगळ्यांना कळलं होतं.

२०१२ च्या मार्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी आमच्याकडचा एक ब्रदर घरी आला. लग्नाला सहा महिने झालेले. चहा घेतला नाही. म्हणाला, "ताई, बुधवारी टोचलं. पेशंट पॉझिटिव्ह होता." बुधवार ते रविवार. प्रतिबंधक औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, फार तर बहात्तर तासांत; त्यानंतर त्यांचा भरवसा नाही. ते बहात्तर तास त्याने आमच्या भीतीने घालवले होते. मी त्याला रागावले नाही. त्याला घेऊन दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या एआरटी सेंटरला, एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गेले. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, कानाच्या पाळ्या लाल. पुढचे सहा महिने मी त्याच्या प्रत्येक रिपोर्टला बरोबर गेले. तो सुटला. पण त्या सहा महिन्यांत मला एक गोष्ट पक्की उमगली. पेशंटना धोका सुनंदाकडून नव्हता, सुनंदाचं काय झालं हे पाहून गप्प बसलेल्या पन्नास माणसांकडून होता. आपल्या रक्तात काय आहे हे माहीत नसलेला, माहीत करून घ्यायला घाबरणारा हातच उद्या टेबलावर उभा राहणार होता.

त्यानंतर मी वाचायला लागले. कायद्याचं वाचायची सवय नव्हती, शब्दकोश घेऊन बसायची. १९९७ साली आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमातल्या रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं की, माणूस काम करायला सक्षम असेल आणि कामावर इतरांना धोका नसेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. निकालात त्याचं नावसुद्धा नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आहेत. तेरा वर्षं आधीचा निकाल, आणि आमच्या बैठकीत त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती. दुसरा खटला वाचून तर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. नागालँडचा एक डॉक्टर. ऑपरेशनच्या पेशंटसाठी त्याने स्वतःचं रक्त दिलं, त्या रक्तात एचआयव्ही निघाला, रुग्णालयातून बातमी फुटली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाची बाजू घेतली, वर अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दलही कडक बोललं. लग्नाबद्दलचं ते म्हणणं २००२ साली न्यायालयाने स्वतःच मागे घेतलं. पण दुसऱ्यासाठी रक्त देताना ज्याचं गुपित फुटलं, त्याचं काय? माझ्या डोळ्यांपुढे नळाखाली धरलेला सुनंदाचा अंगठा यायचा.

ती लिनन रूममध्ये साडेआठ वर्षं होती. ऑपरेशनचा गाऊन आतली बाजू बाहेर ठेवून घडी करायचा असतो, म्हणजे घालणाऱ्याचा हात बाहेरच्या निर्जंतुक बाजूला लागत नाही. सुनंदाने बांधलेला गठ्ठा उघडला की हात थेट बाहीत जायचा, गळ्याची नाडी वर यायची, पुसायचा टॉवेल सगळ्यात वर. कोपऱ्यातल्या घडीवरून आम्ही ओळखायचो, हा तिचा. ज्यांना तिच्या शेजारच्या खुंटीवर कपडे टांगवत नव्हते, ते सगळे रोज तिने घडी घातलेले गाऊन घालत होते. २०१३ मध्ये तिला औषधं सुरू झाली. त्याच वर्षी ब्रिटनने बंदी उठवायचं ठरवलं. औषधं चालू, रक्तातले विषाणू एका मिलिलिटरला दोनशेच्या खाली, दर तीन महिन्यांनी तपासणी, तज्ज्ञांची देखरेख, एवढं असेल तर सर्जननेही ऑपरेशन करावं असं त्यांनी मानलं. मी ती बातमी छापून तिला नेऊन दिली. तिने वाचली, घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली. "आपल्याकडे कधी?" एवढंच म्हणाली.

आपल्याकडे एचआयव्हीबद्दलचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कामावरून काढायचं असेल तर मालकाने स्वतंत्र, पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचं लेखी मत द्यायला हवं की, ह्या माणसापासून ह्या कामाच्या जागी इतरांना संसर्गाचा लक्षणीय धोका आहे किंवा तो हे काम करायला असमर्थ आहे. आणि त्याला दुसरी सोय करून देणं का परवडत नाही हेही लेखी सांगायला हवं. म्हणजे पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न कायद्याने उडवून लावलेला नाही. तो विचारा, पण कागदावर विचारा, जाणत्या माणसाला विचारा, असं म्हटलं आहे. चहाच्या टेबलावर नाही. आरोग्य संस्थेत वीस किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार अधिकारी नेमायचा, असंही त्यात आहे. आमच्याकडे मला नेमलं. तोवर मी संसर्ग नियंत्रणाचं काम पाहत होते. पत्र मिळालं तशी मी लिनन रूममध्ये गेले. म्हटलं, "सुनंदा, तक्रार दे. मी आहे." ती गठ्ठ्याला गाठ मारत होती. म्हणाली, "तक्रार नको, ताई. थिएटर पाहिजे."

ते सहा महिन्यांत मिळालं. अधीक्षक बदलले होते, नव्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. फिजिशियन, मॅडम, मी आणि ह्या खेपेला सुनंदा स्वतः, अशी बैठक झाली. तिच्या रिपोर्टवर गेली कितीतरी वर्षं "टार्गेट नॉट डिटेक्टेड" होतं, म्हणजे मशीनला विषाणू सापडत नव्हते. ठरलं ते असं. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी व्हायरल लोड, रुग्णालयाच्या खर्चाने. आकडा वर गेला किंवा औषध चुकलं तर तिने स्वतः सांगायचं आणि टेबलावरून उतरायचं, पगार-पाळीला धक्का न लागता. फाइलवर नाव नाही, नुसता क्रमांक.

बाकीचे नियम आम्ही सगळ्यांना लावले. मॅडम म्हणाल्या, एकटीसाठी वेगळे मोजे ठेवले तर उद्या मावशींनाही कळेल. तेव्हा सगळ्यांना दोन मोजे, आतला हिरवा, वरचा पांढरा. वरच्याला भोक पडलं की ओल शिरून तिथे हिरवा डाग उमटतो, दुरूनही दिसतो. सुई हातातून हातात द्यायची नाही, मध्ये किडनी ट्रे; एकाने ठेवायची, "सुई" म्हणायचं, दुसऱ्याने उचलायची. पोटाचा पडदा शिवायला बोथट टोकाची सुई. सगळ्यांना ब काविळीची लस, आणि लस लागली का ह्याची रक्ततपासणी. थोरले सर्जन आधी कुरकुरले, ट्रेमुळे वेळ जातो म्हणाले. महिन्याभरात तेच शिकाऊ डॉक्टरांना ट्रेवरून ओरडू लागले. गालाला मोजा लावून भोक शोधणारी मी, त्या हिरव्या डागाकडे पाहताना मला फार बरं वाटायचं.

आणि मग २०२२ च्या जानेवारीत तो दिवस आला.

पिशवीचं ऑपरेशन, चव्वेचाळीस वर्षांच्या बाई, नवरा एसटीत ड्रायव्हर. गाठी मोठ्या होत्या, रक्तस्राव वाढला, असिस्टंट दुसऱ्या इमर्जन्सीला गेलेला. सुनंदाने हात आत घातला. तळाशी टाका घेताना मॅडमच्या सुईचं टोक तिच्या बोटाला लागलं. तिला कळेपर्यंत सुई पुढे गेली होती आणि टाका पुरा झाला होता. सुनंदा मोठ्याने म्हणाली, "मॅडम, टोचलंय. हिरवं दिसतंय." हात बाहेर काढून मागे झाली. सुई टाकली, दुसरी नर्स आली, टाका पुन्हा घेतला, ऑपरेशन पुरं झालं. त्या खोलीत पाच माणसं होती. ती बोलली नसती तर कुणालाही कधीही कळलं नसतं. २०१० नंतरच्या दोन वर्षांत असं किती वेळा कुणी बोललं नसेल, हा विचार मला तेव्हाही आला आणि अजूनही येतो.

संध्याकाळी आम्ही बसलो. तिचा शेवटचा व्हायरल लोड पाच आठवड्यांपूर्वीचा, सापडत नाही असाच. नवा नमुना लगेच पाठवला, पुढे तोही तसाच आला. फिजिशियननी एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून सांगितलं, धोका नसल्यात जमा आहे. मग पेशंटला सांगायचं का? व्यवस्थापनातले एक जण म्हणाले, "नसल्यात जमा आहे ना? मग कशाला घबराट?" ह्या ठिकाणी मी अडून बसले. सुनंदाच्या हक्कासाठी मी इतकी वर्षं बोलत होते, ते ह्या बाईंचा हक्क गिळून नाही. त्यांच्या अंगात दुसऱ्याचं रक्त गेलं असण्याची शक्यता होती, आणि अंग त्यांचं होतं. पण काय सांगायचं? कुणाचं रक्त हे सांगता येणार नाही, आणि त्या व्यक्तीला एचआयव्ही आहे हे तिच्या लेखी संमतीशिवाय सांगणंही कायद्यात बसत नाही. नुसतं "तपासण्या करून घ्या" म्हटलं तर अर्धवट.

सुनंदा कोपऱ्यात बसली होती, बोटाला पट्टी. म्हणाली, "सांगा सगळं. नाव तेवढं नको." आणि कागद मागून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शुद्धीवर, बोलत्या झाल्यावर मी आणि फिजिशियन गेलो. आमच्याकडे अशा गोष्टी आधी नवऱ्याला सांगायची रीत आहे, ती मी मोडली. त्यांना नवऱ्याला बाहेर थांबवू का विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या, नाहीतर मलाच परत सांगावं लागेल." डॉक्टरांनी सांगितलं. रक्त लागलं असण्याची शक्यता, त्या व्यक्तीला एचआयव्ही आहे, औषधं नियमित आहेत, रक्तात विषाणू सापडत नाहीत, त्यामुळे तुम्हाला होण्याची भीती जवळजवळ नाही. हवी असतील तर अठ्ठावीस दिवसांची प्रतिबंधक औषधं, आणि तपासण्या.

नवरा उठून उभा राहिला. आवाज चढला. "कोण आहे? नाव सांगा. माझ्या बायकोच्या पोटात कुणाचं रक्त गेलं ते मला कळायला नको?" मी म्हटलं, "नाव सांगता येणार नाही, भाऊ." "मग असल्या माणसांना आत ठेवताच कशाला?" मी त्यांना सांगितलं की काल ते रक्त लागलं हे त्याच व्यक्तीने ओरडून सांगितलं, म्हणून आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत. त्यांचं समाधान झालं नाही. होईल अशी माझी अपेक्षाही नव्हती. माझा माणूस त्या कॉटवर असता तर मीही असंच विचारलं असतं. त्यांचा प्रश्न खरा होता आणि माझा नकारही खरा होता. दोन्ही त्या खोलीत तसेच राहिले.

बाई मात्र छताकडे बघत होत्या. थोड्या वेळाने विचारलं, "ह्या गोळ्यांनी उलट्या होतात का?" डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाला मळमळतं. "आणि घेतल्या नाहीत तर?" "तरी बहुधा काहीही होणार नाही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "घेते. ह्यांना झोप तरी लागेल."

अठ्ठावीस दिवस मी रोज रात्री त्यांना फोन केला. सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट निगेटिव्ह. तिसऱ्या महिन्याचा घ्यायला दोघं आले ते एप्रिलच्या उन्हात. तोही निगेटिव्ह. बाईंच्या यजमानांनी रिपोर्ट दोनदा वाचला, शर्टाच्या खिशात ठेवला, दारापर्यंत गेले आणि वळले.

"ते जे कोण आहेत," ते म्हणाले, "ते अजून आतच कामाला आहेत का?"

"हो," मी म्हटलं.

ते थिएटरच्या बंद दाराकडे बघत उभे राहिले. आत कुणीतरी "सुई" म्हणाल्याचा आवाज आला, मग ट्रेचा. जिन्याखालून बाईंनी हाक मारली, "अहो, चला, साडेचारची गाडी चुकेल."